बापडी शांत नव्हती

मी एक जुनी गिनीपिग आहे. जुनी म्हणजे म्हातारी. पण खुर्ची जुनी, छत्री जुनी, तशी मीही जुनीच म्हणा, माझी काही हरकत नाही. माझी हरकत आहे ती दुसऱ्याच शब्दाला. घरात पाहुणा आला, पिंजऱ्यापाशी वाकला आणि "किती गोड आहे हो" म्हणाला, की माझ्या पोटात ढवळून येतं. त्यातून आम्हाला ओकता येत नाही. ती सोय माणसांना आहे, मांजरांना आहे, आमच्या जातीला नाही. जे काही किळसवाणं समोर येईल ते आम्हाला मुकाट गिळावं लागतं. म्हणून मित्रांनो, आज मी बोलून मोकळी होणार आहे.

माझं नाव कजाग. हे नाव मी मागून घेतलेलं नाही, मला चिकटवलेलं आहे. ते कसं चिकटलं ते सांगायचं तर अगदी जन्मापासून सुरुवात करावी लागेल.

आम्ही गिनीपिग डोळे उघडे ठेवूनच जन्माला येतो. त्यामुळे पहिल्या क्षणापासून जे जे पाहिलं ते माझ्या चांगलं लक्षात आहे, आणि पाहिलं नसतं तर फार बरं झालं असतं. एक टायरवाला होता. त्याच्या गॅरेजच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत माझा जन्म झाला. त्याने हौसेने दोन गिनीपिग आणले होते. दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं, दोघी बहिणी आहेत. त्यातली एक बहीण माझा बाप निघाली. मग काय, पिल्लांना पिल्लं, त्यांना आणखी पिल्लं. टायरवाल्याची हौस पहिल्या खेपेलाच फिटली, आमची संख्या मात्र वाढत गेली.

त्या खोलीबद्दल बोलतानासुद्धा मला नाक दाबावंसं वाटतं. खाली वर्तमानपत्रं पसरलेली, ती भिजून भिजून लगदा झालेली, त्या लगद्यात आमचे पाय रुतायचे. वासाने डोळ्यांतून पाणी यायचं. नखं वाढून वळली होती. आता तुम्ही म्हणाल, तुम्ही गिनीपिग तरी कुठे सोवळ्यातल्या, तुम्ही स्वतःच्या लेंड्या खाता. खातो. ठरावीक मऊ लेंड्या खातो, त्यात आमचं पोषण असतं, आणि त्याची मला तिळमात्र लाज नाही. पण दुसऱ्याच्या मुतात झोपणं हा आमचा स्वभाव नाही. टायरवाला दारातूनच शिळा पाव फेकायचा आणि म्हणायचा, "मुकी जनावरं, त्यांना काय कळतंय." आम्ही दिवसभर घसा फाटेपर्यंत ओरडत होतो. मुके आम्ही नव्हतो, बहिरा तो होता.

त्या खोलीत एकच जीव असा होता की ज्याचा मला वीट आला नाही. ती बापडी. पांढरी, एका डोळ्याभोवती तपकिरी डाग, आणि भित्री इतकी की स्वतःच्या शिंकेला दचकायची. पाव येऊन पडला की सगळे तुटून पडायचे आणि ही कोपऱ्यात दगड होऊन बसायची. मी तिला मागून ढकलायची. मी पुढे घुसायची, दोन-चार जणांना दात दाखवायची, पहिला घास घ्यायची. मग ती माझ्या ढुंगणाला नाक लावून मागोमाग यायची आणि मी खाल्लेलं बघून खायची. मी चाखल्याशिवाय तिने कधी कशाला तोंड लावलं नाही. असं आमचं जमलं होतं.

शेवटी शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली. आमच्या हालांची नाही हं, वासाची. तेव्हा एक बाई आली. सोफ्यांची आणि खुर्च्यांची कव्हरं शिवून देण्याचा तिचा धंदा होता, म्हणून सगळे तिला कव्हरवाली म्हणायचे. कुठे गिनीपिग हालात आहेत असं कळलं की ती कव्हरं पोचवायची गाडी काढायची आणि त्यांना उचलून आणायची. त्या दिवशी ती खोलीत आली, नाकाला बाही लावली, तशीच बाहेर पळाली आणि गटाराशी जाऊन ओकली. मग तोंड पुसून परत आत आली. मला ती बाई तिथेच आवडली. त्या खोलीत नाक असलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

टायरवाला म्हणाला, "एवढं नाटक कशाला, बाई? जनावरं म्हटल्यावर वास यायचाच."

कव्हरवाली खोकी जुळवत म्हणाली, "हा जनावरांचा वास नाही. तुमचा आहे."

तिच्या कारखान्याच्या मागच्या भागात, कापड बेतायच्या मोठ्या टेबलाखाली आमचे पिंजरे लागले. खाली उरलेल्या मऊ लोकरी कापडाचे तुकडे, ते रोज बदलायचे. वाळलेलं गवत पोटभर. ढोबळी मिरची आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली. नखं कापली, औषधं झाली, नर आणि माद्या एकदाच्या वेगळ्या झाल्या. मग कव्हरवाली एकेकीचा स्वभाव बघायची आणि त्याप्रमाणे घर शोधायची. गिनीपिग न्यायला आलेल्या माणसांना ती खुर्ची देत नसे. जमिनीवर पाय पसरून, मांडीवर कोथिंबीर ठेवून, गप्प बसायचं. "वरून हात आला की यांना घार आली असं वाटतं," ती सांगायची. "तुम्ही उचलू नका. त्यांना तुमच्याकडे येऊ दे." चांगली रीत होती. निम्मी माणसं पाय अवघडले म्हणूनच निघून जायची, आणि ती गेलेलीच बरी.

पण मित्रांनो, शहाणं माणूसही कधीतरी डोळे उघडे ठेवून चुकतं. कव्हरवाली आमच्याकडे बघायची ती शिलाई मशीन चालवता चालवता. मशीनच्या खडखडाटात तिला आमचे आवाज ऐकू येत नसत, नुसत्या हालचाली दिसत. आणि दिसायचं काय, तर मी मान ताठ करून गुरगुरते आहे, बापडीला ताटलीवरून ढकलते आहे, तिच्या जागेवर जाऊन बसते आहे. बापडी बिचारी उठून बाजूला होते आहे. बाईंनी निकाल देऊन टाकला, "ही कजाग तिला सुखाने घास गिळू देत नाही." त्या दिवसापासून मी कजाग आणि ती बापडी.

अहो, मी ढकललं नसतं तर ती जागची हललीच नसती. आमच्यात एकीने दादागिरी करायची आणि दुसरीने चालवून घ्यायची, यातच दोघींचा जीव निवांत असतो. एखादं जोडपं दिवसभर भांडतं म्हणून कुणी त्यांना दोन गावांत नेऊन सोडतं का? पण मला कोण विचारणार? मी ओरडले की "बघा, कशी चवताळली" आणि बापडी गप्प बसली की "बघा, किती सोसते."

अशात एक दिवस चष्म्याचं दुकान चालवणारे एक गृहस्थ गिनीपिग न्यायला आले. बरोबर त्यांची लहान मुलगी होती, आणि मुलीची आत्या, म्हणजे त्यांची थोरली बहीण. मुलीची आई नोकरीसाठी परगावी असायची, त्यामुळे घर आत्याच्या ताब्यात होतं. आत्याबाई म्हणजे स्वच्छतेचं प्रकरण. बसण्याआधी त्यांनी जमीन रुमालाने पुसली. मग तो रुमाल दुसऱ्या रुमालात गुंडाळला. अंगाला फिनेलचा आणि साबणाचा वास. माझ्या नाकपुड्या आखडल्या.

मी त्यांच्याकडे गेले, कोथिंबीर ओढली आणि मुलीने पाठीला बोट लावताच ओरडून पळाले. मला न विचारता हात लावलेला आवडत नाही आणि ते मी सांगितलं, एवढंच. मग कव्हरवालीने बापडीला मुलीच्या मांडीवर ठेवलं. बापडी ताठरली. डोळे मोठे, श्वास भराभर, बाकी हालचाल नाही. मुलगी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

"किती शांत आहे बघ ताई," चष्मेवाले बहिणीला म्हणाले. "हिला आवडतंय."

"हीच घेऊ," आत्याबाई म्हणाल्या. "ती दुसरी मेली फार गलबला करते."

आवडतंय? भीतीने तिचं रक्त गोठलं होतं. घार डोक्यावर असली की आमची जात अशीच बसते, हललो तर संपलो म्हणून. आणि या माणसांनी त्याला शांत स्वभाव म्हटलं. चष्म्याचं दुकान, आणि नजर ही अशी.

कव्हरवाली जरा घुटमळली. एकटी गिनीपिग द्यायची नाही, जोडीच द्यायची, असा तिचा नेहमीचा नियम. पण तिच्या डोक्यात माझं ते ढकलणं बसलेलं. "एरवी मी एकटीला देत नाही," ती म्हणाली, "पण हिला या कजागच्या तावडीतून सोडवायलाच हवं. घरी रुळली की दुसरी गरीब सोबतीण देईन." आणि बापडी खोक्यात बसून गेली. मी गजांवर दात घासत ओरडले. त्या आवाजावर कव्हरवालीने मशीन सुरू केली.

खोटं कशाला सांगू, त्या रात्री मी जेवले. माझी भूक कशानेही जात नाही असं मला तेव्हा वाटायचं. पण पहिला घास घेतला आणि सवयीने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. सगळी ताटली माझी होती, आणि मला त्या ताटलीचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. कव्हरवालीच्या हातात कापड होतं, म्हणून तिने फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावला. चष्मेवाले सांगत होते, "बाकी काही त्रास नाही हो. एका कोपऱ्यात शांत बसून असते. फक्त काही खाल्लेलं दिसत नाही."

कव्हरवालीचा पाय मशीनवरून निघाला. "कधीपासून?"

"आणल्यापासूनच म्हणा ना."

"आत्ताच्या आत्ता घेऊन या. आहे तशी."

मित्रांनो, आमचं पोट सतत चालू राहावं लागतं. दिवसभर काही ना काही चघळत राहिलो तरच ते चालतं. ते थांबलं की गिनीपिग एखाद-दोन दिवसांत मरते. कव्हरवालीला हे ठाऊक होतं, म्हणून ती दारात जाऊन उभी राहिली. घर काही लांब नव्हतं. पण दुपार कलली, ऊन भिंतीवरून उतरलं, तरी त्यांचा पत्ता नाही.

शेवटी ते आले, आणि ते येण्याआधी त्यांचा वास आला. गुलाब! खोलीभर गुलाब! खोक्याचं झाकण उघडलं तर आत बापडी. धुतलेली, वाळवलेली, भांग पाडल्यासारखे केस, अंगावर पावडर आणि गळ्यात लाल रिबीन. डोळे अर्धवट मिटलेले. शी, शी, शी. इतकं स्वच्छ आणि इतकं घाणेरडं मी आजवर काही पाहिलेलं नाही.

"उशीर झाला जरा," आत्याबाई म्हणाल्या. "दुसऱ्याची वस्तू परत करताना घासूनपुसून करावी. आमच्याकडे कुणाचं पातेलंसुद्धा तसंच परत जात नाही."

कव्हरवाली खाली बसली. आवाज न चढवता म्हणाली, "ती उपाशी होती आणि तुम्ही तिला आंघोळ घातलीत."

आत्याबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी चांगल्या मनानेच केलं होतं, हे मला आज कळतं. पण चांगल्या मनाने गारठलेली बापडी काही गरम होणार नव्हती. कव्हरवालीने रिबीन कापली, गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून बापडीला तिच्यावर घेतलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या दूर कुठेतरी एका गाईपाशी अडकल्या होत्या. "ऊब द्या, सुई काढलेल्या पिचकारीने पातळ खाणं द्या, रात्री उशिरा पोचते," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. खाणं तोंडात गेलं आणि ओठांवरून खाली आलं. पुन्हा दिलं, पुन्हा खाली आलं. मुलगी रडायला लागली.

कव्हरवालीने एकदा माझ्या पिंजऱ्याकडे पाहिलं. "कजागपाशी ठेवून बघते," ती म्हणाली.

"पण तुम्हीच म्हणालात ना, ती हिला छळते?" चष्मेवाले म्हणाले.

"म्हणाले होते. चुकले असेन."

पिंजऱ्याचं दार उघडलं आणि तो गुलाबाचा गोळा माझ्यासमोर आला. मी मनापासून सांगते, मला ती बापडी वाटलीच नाही. आम्ही एकमेकींना वासावरून ओळखतो, आणि तिचा वास त्या शाम्पूने पुसून टाकला होता. ही कोण परकी माझ्या घरात? मी केस फुलवले आणि दात वाजवले. दात वाजवणं म्हणजे पुढचं पाऊल चावण्याचं. बापडी तशीच बसून राहिली. तिच्यात पळायचंही त्राण नव्हतं.

कव्हरवालीने तिला झटकन मांडीवर ओढून घेतलं, आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "हिला हिचा वास परत द्यायला हवा," ती म्हणाली. "माझे हात अडकलेत. कुणीतरी कजागच्या पिंजऱ्यातलं खालचं कापड काढा आणि हिच्या अंगाला चोळा."

ते कापड कालपासून बदललेलं नव्हतं. फोन आल्यापासूनच्या धांदलीत कव्हरवालीला ते सुचलं नव्हतं. चष्मेवाल्यांनी कापडाकडे पाहिलं, मग आपल्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं.

आत्याबाई पुढे झाल्या. "हे?" त्यांनी विचारलं. "हे ओलं?"

"तेच. जितकं घाण तितकं बरं."

त्यांनी आधी दोन बोटांनी टोक धरलं. एक उमासा आला, तो त्यांनी दाबला. मग बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या, ते ओलं, लेंड्या चिकटलेलं कापड चांगलं मुठीत घेतलं आणि बापडीला चोळायला सुरुवात केली. पाठ, पोट, कानांमागे. तोंड एका बाजूला वळवलेलं, डोळ्यांत पाणी, पण हात थांबला नाही. स्वतःच घातलेली आंघोळ त्या स्वतःच्या हाताने उतरवत होत्या. मुलगी नाक धरून म्हणाली, "आत्या, मागचे पाय राहिले." आत्याबाईंनी मागचे पायही चोळले.

बापडी पुन्हा माझ्यासमोर आली. मी हुंगलं. वरून आमचा वास, खालून अजून गुलाब. पुन्हा हुंगलं, हनुवटीखाली, कानाशी. अगं, ही तर आमचीच! या अवतारात कुठे गेली होतीस, मेले? मी गुरगुरले आणि तिला नाकाने ढकललं. ती हलली नाही. मी आणखी जोरात ढकललं.

चष्मेवाल्यांचा हात पुढे आला. "थांबा," कव्हरवाली म्हणाली.

तिसऱ्यांदा ढकलल्यावर बापडीच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. तक्रारीचा होता. तक्रार करण्याइतका जीव तिच्यात शिल्लक होता तर. मी वळले, गवताची एक काडी ओढली, तिच्या नाकासमोर उभी राहून कचाकचा चावायला लागले. काडीचं दुसरं टोक तिच्या मिशांना लागत होतं. मशीन बंद होती, त्यामुळे माझं चावणं सगळ्यांना ऐकू येत होतं, आणि थोड्या वेळाने दुसरंही एक चावणं ऐकू यायला लागलं. हळू, थांबत थांबत. काडी माझ्या बाजूने संपण्याआधी तिच्या बाजूने संपत आली होती.

कव्हरवालीने भिंतीला डोकं टेकलं. "तू हिला हाकलत नव्हतीस," ती मला म्हणाली. "जेवायला नेत होतीस." एवढं कळायला माणसांना किती वेळ लागतो, बघा.

आत्याबाई नळाशी जाऊन हात धूत उभ्या होत्या. बराच वेळ धूत होत्या. पाठ फिरवूनच त्यांनी विचारलं, "दोघींना मिळून केवढा पिंजरा लागतो?"

डॉक्टरीणबाईंनी तपासून बरं म्हटल्यावर आम्ही दोघी त्या घरी गेलो. फिनेलचा वास जायला थोडे दिवस लागले. आत्याबाई आजही कापड बदलताना नाक मुरडतात, पण सगळं एकदम बदलत नाहीत, एक जुना तुकडा मुद्दाम ठेवतात. बापडी पुढे पुष्कळ वर्षं जगली. मुलीच्या हातून कोथिंबीर घ्यायला शिकली. म्हातारी झाली, आणि एका सकाळी माझ्या कुशीला झोपलेली उठली नाही.

मग मित्रांनो, एक चमत्कारिक गोष्ट झाली. मी कोपऱ्यात जाऊन बसले. ताटली समोर होती. ढोबळी मिरची होती. पहिला घास मी घ्यायचा तो कुणासाठी, ते मला कळेना. बापडी माझ्यावाचून जेवत नाही, हे सगळ्यांना कळलं होतं. मी तिच्यावाचून जेवत नाही, हे मलासुद्धा ठाऊक नव्हतं. दुपारी शेजारच्या काकू आल्या. पिंजऱ्यात डोकावून म्हणाल्या, "म्हातारपणी किती शांत झाली हो ही कजाग. शहाणी झाली."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी ताटलीकडे पाहिलं. हातातलं काम तिथेच टाकलं, चपला घातल्या आणि मला टोपलीत घालून तशीच, न धुता, कव्हरवालीकडे नेलं.

संध्याकाळी टोपलीतून आम्ही दोघी परत आलो. दुसरी एक कारटी आहे, काळी, कुठल्याशा वसतिगृहातून सोडवलेली. तिला शिस्त म्हणून नाही. आल्या आल्या ती माझ्या गवतात मुतली. मग पाय देऊन माझी मिरची तुडवली. शी! एवढी किळस मला कित्येक दिवसांत आली नव्हती. ती मिरची संपवणार असं दिसल्यावर मी उठले, तिला ढकललं आणि पहिला घास घेतला. निर्लज्ज माझ्या मागोमाग आलीच.

मित्रांनो, गिनीपिग पाळायची असेल तर एकटी नेऊ नका, आणि आंघोळ तुमची तुम्ही करा. पण एक गोष्ट गिनीपिग नसलेल्या घरांसाठीही सांगते. तुमच्या घरात कुणी एकाएकी शांत झालं, एका कोपऱ्यात बसू लागलं, तर "किती शहाणं झालं" म्हणून कौतुक करू नका. आधी त्याचं ताट बघा.